गिट रेपोचा मिरर: मेन सर्व्हर सातासमुद्रापार आणि टीम पुण्यात, तेव्हा हमखास विचारले जाणारे प्रश्न

मेन गिट सर्व्हर (गिट म्हणजे कोड आणि त्यातला प्रत्येक बदल सांभाळणारं टूल, त्यातला एका प्रोजेक्टचा साठा म्हणजे रेपो) अमेरिकेत नाहीतर जर्मनीत, आणि काम करणारी निम्मी टीम खराडी-हिंजवडीत, दोघंतिघं हैदराबादला, एखादा कोल्हापूरहून घरूनच, असा सेटअप आता घरोघरी आहे. मग कधीतरी कोणीतरी म्हणतं की इथे एक मिरर लावून टाकू या, आणि तिथून पुढे तेच तेच प्रश्न सुरू होतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहितोय. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो, कारण खालची अर्धी उत्तरं त्यातूनच निघतात: कोड लिहायची, म्हणजे पुश करायची जागा एकच ठेवा, वाचायच्या जागा हव्या तितक्या ठेवा. बहुतेक भानगडी हे मोडल्यामुळेच होतात.

मिरर म्हणजे नक्की काय? नुसत्या क्लोनपेक्षा वेगळं काय असतं त्यात?

साधा क्लोन, म्हणजे रेपोची प्रत आपल्या मशीनवर, केला की सगळ्या ब्रँच तुमच्याकडे ओरिजिन या नावाखाली येतात आणि एक ब्रँच चेकआउट होते, म्हणजे तुम्ही काम करायला तयार. मिरर ऑप्शन लावून क्लोन केला तर वर्किंग फोल्डर येतच नाही, फक्त गिटचा डेटाबेस येतो, आणि मेन सर्व्हरवर जेवढे रेफ, म्हणजे कमिटकडे (नोंदवलेल्या बदलाकडे) बोट दाखवणारी नावं, आहेत (ब्रँच, टॅग, नोट्स आणि बाकीचं जे काय असेल ते) तेवढे सगळे जशाच्या तसे त्याच नावाने उतरतात. पुढच्या वेळी फेच केलं, म्हणजे नवीन बदल खाली ओढले, की तिकडे जे असेल तेच इकडे, तिकडे कोणी फोर्स पुश (जुनं टोक जबरदस्तीने बदलणारा पुश) केला असेल तर तोही मुकाट्याने इकडे. मिररचं स्वतःचं असं मत नसतं हे पक्कं लक्षात ठेवा, पुढे बॅकअपच्या प्रश्नात हाच मुद्दा येणार आहे.

आमचं ऑफिसचं नेट २०० एमबीपीएस आहे, स्पीड टेस्ट पण मस्त येते, मग क्लोनला पाऊण तास का लागतो?

कारण स्पीड टेस्ट बहुतेक वेळा मुंबई-पुण्यातल्याच सर्व्हरशी बोलते, आणि तुमचा गिट सर्व्हर व्हर्जिनियात बसलाय. पुणे ते व्हर्जिनिया सरळ रेषेत अंदाजे १३,००० किलोमीटर, फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे सगळं आदर्श धरलं तरी जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद गेलेच, आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते, त्यामुळे प्रत्यक्षात पिंग २०० किंवा त्याच्या वरच दिसतो. आता टीसीपी काय करतो, थोडा डेटा पाठवतो आणि पोचपावतीची वाट बघतो. समजा एका वेळी ६४ केबीच हवेत राहू शकतात, तर २०० मिलिसेकंदाच्या पिंगवर तुम्हाला सेकंदाला ३२० केबीच्या वर मिळणारच नाही, लाइन कितीही जाड असू दे. आजकालच्या सिस्टिम ही विंडो वाढवतात, त्यामुळे इतकं वाईट होत नाही, पण मध्ये एखादं पॅकेट हरवलं की वेग खाली येतो आणि लांबच्या लाइनवर तो परत चढायला फार वेळ घेतो. त्यात व्हीपीएन असेल आणि ते आधी लंडनला जाऊन मग अमेरिकेला जात असेल तर बोलायलाच नको.

आणि समुद्राखालच्या केबलचं वेगळंच. २००८ च्या जानेवारीत अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतातलं नेट किती आठवडे रडत होतं ते तेव्हा आयटीत असलेल्यांना आठवत असेल, २०२४ च्या फेब्रुवारीत तांबड्या समुद्रात तुटल्या, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये जेद्दाजवळ परत. अशा वेळी ट्रॅफिक लांबच्या वाटेने फिरतं, पिंग वाढतो, आणि युरोपातल्या सर्व्हरवरून फेच करणारा पुण्यातला डेव्हलपर सकाळी दहा वाजता "रिसीव्हिंग ऑब्जेक्ट्स ४३ टक्के" कडे बघत बसतो. त्यात त्याचा काही दोष नाही, आणि स्टँडअपमध्ये त्याने त्याचं स्पष्टीकरण देत बसावं लागू नये, म्हणून हा सगळा खटाटोप.

मिरर लावायच्या आधी काही सोपं करून बघता येईल का?

हो, आणि आधी हेच करा, कारण मिरर म्हणजे एक सर्व्हर सांभाळणं आलं.

पहिलं म्हणजे गिटचं व्हर्जन बघा. प्रोटोकॉल व्हर्जन २ हा २.२६ पासून (मार्च २०२०) बाय डिफॉल्ट आहे, त्याच्या आधी प्रत्येक फेचला सर्व्हर आपल्या सगळ्या रेफची यादी आधी पाठवायचा, मग भले तुम्हाला एकच ब्रँच हवी असेल. हजारो ब्रँच असलेल्या रेपोत हा फरक चांगलाच जाणवतो.

दुसरं, पार्शल क्लोन. फिल्टर ब्लॉब नन असा ऑप्शन असतो, त्याने कमिटची हिस्ट्री पूर्ण येते पण जुन्या फाइलींचा मजकूर लागेल तेव्हाच येतो. डेव्हलपरसाठी हे उत्तम. फक्त जुन्या फाइलवर ब्लेम (कुठली ओळ कोणी लिहिली ते बघणं) मारलं की ते तेव्हा नेटवर जातं आणि लांबच्या सर्व्हरशी ते हळू चालतं, हे माहीत असू द्या. शॅलो क्लोन (फक्त शेवटचे काही कमिट, डेप्थ एक वगैरे) सीआयसाठी, म्हणजे बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या मशिनींसाठी, ठीक आहे, रोज ज्याच्यावर काम करायचं त्यासाठी मी सुचवणार नाही, मर्ज बेस (दोन ब्रँच जिथून फुटल्या तो कमिट) सापडत नाही आणि माणूस वैतागतो.

तिसरं, आणि हे फार कमी लोक वापरतात, गिट बंडल. गिट क्लोन मध्येच तुटला तर तो पुढून सुरू होत नाही, पहिल्यापासूनच सुरू होतो. सातारा-सांगलीकडच्या गावातून घरून काम करणाऱ्याचं नेट दर वीस मिनिटांनी एकदा जातं, त्याचा ३ जीबीचा क्लोन या हिशोबाने कधीच पूर्ण होणार नाही, "अर्ली ईओएफ" येऊन परत शून्यावर. बंडल म्हणजे पूर्ण रेपोची एकच फाइल, ती आरसिंकने किंवा ब्राउझरने डाउनलोड करा, तुटलं तर पुढून चालू करा, नाहीतर ऑफिसात आल्यावर पेन ड्राइव्हवर न्या, आणि त्या फाइलवरूनच क्लोन करून मग ओरिजिनचा पत्ता खऱ्या सर्व्हरचा टाका. नंतर फेचला फक्त मधला फरक येतो. लिनक्स कर्नलवाले स्वतः केर्नल डॉट ऑर्गवर अशा क्लोन बंडल ठेवतात, १० लाखांच्या वर कमिट असलेली रेपो आहे ती, त्यामुळे त्यांना गरजच आहे.

टीम चार-पाच जणांची असेल तर एवढ्यावरच भागतं. वीस-तीस जण आणि शिवाय सीआयच्या मशिनी असतील, त्या दिवसातून शेकडो वेळा फेच करत असतील, तर मग मिरर लावाच.

साधा मिरर कसा करायचा?

एक लिनक्स मशीन, त्यावर मिरर ऑप्शनने एकदा क्लोन, आणि मग क्रॉनमध्ये किंवा सिस्टमडी टायमरमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवायच्या लिनक्सच्या सोयी) रिमोट अपडेट, प्रून ऑप्शनसकट. प्रून विसरलात तर तिकडे डिलीट झालेल्या ब्रँच इथे तशाच पडून राहतात. वाचायला एसएसएच किंवा एचटीटीपीएस, जे तुमच्याकडे आहे ते. एवढंच, खरंच एवढंच, एका दुपारचं काम आहे.

दोन गोष्टी मात्र बघा. एक, मेन सर्व्हर गिटहबवर असेल तर मिरर ऑप्शनने प्रत्येक पुल रिक्वेस्टचे रेफसुद्धा खाली येतात, जुन्या रेपोत त्याने साइज बरीच फुगते, आणि तोच मिरर पुढे दुसऱ्या गिटहब रेपोत पुश करायला गेलात तर "हिडन रेफ अपडेट करता येणार नाही" म्हणून एरर येते. फक्त ब्रँच आणि टॅग एवढेच रेफस्पेक (कुठले रेफ ओढायचे ते सांगणाऱ्या ओळी) लिहून द्या, प्रश्न मिटला. दुसरं, मिरर पुश ही कमांड फार जपून. तुमच्याकडे जो रेफ नाही तो समोरच्याकडून ती डिलीट करते. अर्धवट क्लोनमधून कोणी ती मेन सर्व्हरकडे तोंड करून मारली तर ब्रँच उडतात. म्हणून मिररच्या मशीनकडे मेन सर्व्हरची फक्त रीड परवानगी असलेली कीच द्या, म्हणजे चूक करायची म्हटली तरी करता येणार नाही.

रेपो शेकड्यांनी असतील तर प्रत्येकाला दर मिनिटाला फेच मारणं बरोबर नाही, मेन सर्व्हरवर उगाच लोड. केर्नल डॉट ऑर्गच्या लोकांनी यासाठी ग्रोकमिरर नावाचं टूल केलंय, मेन सर्व्हर एक मॅनिफेस्ट फाइल ठेवतो, त्यात कुठली रेपो कधी बदलली ते असतं, मिरर ती फाइल बघून बदललेल्याच रेपो ओढतो.

किती मिनिटांनी सिंक करावं?

मिनिटं मोजण्यापेक्षा पुश झाला की लगेच मिररला कळवा, वेबहुकने (सर्व्हर स्वतःहून पाठवतो ती सूचना). टायमर हा मागे आधार म्हणून ठेवा, पाच-दहा मिनिटांचा, कारण वेबहुक कधीतरी हरवतोच. तयार टूलांचे आकडे बघून घ्या, नाहीतर गैरसमज होतो: गिटलॅबचा पुश मिरर बदल झाल्यावर पाच मिनिटांच्या आत ढकलतो, फक्त प्रोटेक्टेड ब्रँच निवडल्या तर एका मिनिटाच्या आत. गिटीमध्ये पुल मिररचा डिफॉल्ट वेळ ८ तास आहे! तो न बदलता टीमला मिररचा पत्ता दिला की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कालच्या कोडवर काम करत असतात.

पुश कुठे करायचं? दोन्हीकडे पुश घेता आला तर किती बरं होईल.

बरं होणार नाही. समजा पुण्यातल्या सर्व्हरवर मेन ब्रँचला एक कमिट पुश झाला आणि त्याच मिनिटाला म्युनिकमध्ये तिकडच्या सर्व्हरवर दुसरा. आता दोन सर्व्हरवर मेन ब्रँचची दोन टोकं. सिंक करणारी स्क्रिप्ट काय करणार, एकाचं काम दुसऱ्याच्या डोक्यावर फोर्स पुश करणार नाहीतर एरर देऊन थांबणार, तिसरा मार्ग तिच्याकडे नाही. मर्ज हा माणसाने करायचा निर्णय आहे. दोन्हीकडून लिहायला देणारी महागडी सिस्टिम असतात, पण त्या आतून प्रत्येक पुशच्या वेळी सगळ्या सर्व्हरची आधी सहमती घेतात, म्हणजे अंतर काही चुकत नाही, फक्त ते वाट बघणं आत लपतं.

पुश तसाही हलका असतो. दिवसभरात एखादा माणूस पाच-सात वेळा काही केबी वर पाठवतो, ते अमेरिकेत गेलं तरी काही सेकंदांचा प्रश्न. जड असतं ते खाली ओढणं. म्हणून फेच इथून, पुश तिकडे.

सेट करायला सोपं आहे. एका रेपोपुरतं असेल तर रिमोटची फेच यूआरएल मिररची ठेवा आणि पुश यूआरएल वेगळी, मेन सर्व्हरची, गिटमध्ये ती सोय आहेच. सगळ्या रेपोंसाठी एकदाच करायचं असेल तर ग्लोबल कॉन्फिगमध्ये "इन्स्टेडऑफ" टाका: मेन सर्व्हरचा पत्ता दिसला की मिररचा वापर. पण इथे एक खोच आहे, नुसतं इन्स्टेडऑफ टाकलं तर पुशसुद्धा मिररकडे जायला लागतो आणि परवानगी नाही म्हणून आपटतो. त्यासोबत "पुशइन्स्टेडऑफ" मध्ये मेन सर्व्हरचा पत्ता मेन सर्व्हरलाच मॅप करून ठेवा, मग पुश बरोबर घरी जातो. नवीन माणूस जॉइन झाला की लॅपटॉप सेटअपच्या स्क्रिप्टमध्येच या दोन ओळी घाला, त्याला कळायचीही गरज नाही.

मी पुश केलं, पुश यशस्वी झालं म्हणाला, मग फेच मारलं तर ओरिजिन मेन मागे गेला आणि "फोर्स्ड अपडेट" असं दिसतंय. कोणी माझं काम उडवलं का?

नाही, घाबरू नका, कोणी काही उडवलं नाही. काय झालं ते नीट बघू. तुम्ही पुश केलं ते मेन सर्व्हरवर पोचलं, आणि गिटने तुमच्या मशीनवरचा ओरिजिन मेन (सर्व्हरवरची मेन ब्रँच कुठे आहे याची नोंद) लगेच पुढे सरकवला. मग तुम्ही फेच मारलं, ते गेलं मिररकडे, आणि मिररवर तुमचा कमिट अजून आलेलाच नाही, तो दोन मिनिटं मागे आहे. फेचच्या रेफस्पेकमध्ये पुढे अधिकचं चिन्ह असतं, त्याचा अर्थ समोर जे असेल ते जबरदस्तीने मान्य कर. त्यामुळे ओरिजिन मेन परत मागे, शेजारी फोर्स्ड अपडेट, आणि स्टेटसमध्ये "तुम्ही एक कमिट पुढे आहात". तुमची लोकल ब्रँच जागच्या जागी आहे. दोन मिनिटांनी परत फेच मारा, सगळं सरळ होतं.

खरा धोका याच्या पुढे असतो. हे बघून माणूस घाबरतो आणि लोकल ब्रँचला हार्ड रीसेट मारतो, मग वाटतं काम गेलं. तेही गेलेलं नसतं, रिफ्लॉगमध्ये (ब्रँच आधी कुठे होती याच्या तुमच्या मशीनवरच्या नोंदीत) असतं आणि मेन सर्व्हरवर तर असतंच, पण त्या अर्ध्या तासात बीपी वाढतं ते वाढतंच. टीमला मिरर देताना ही एक गोष्ट सगळ्यांना तोंडी सांगा, मेल कोणी वाचत नाही.

सीआय बिल्ड कधीमधी फेल होतं, म्हणे कमिट सापडत नाही. रीरन केलं की पास. का?

हा मागच्याच प्रश्नाचा सख्खा भाऊ. मेन सर्व्हर पुश होताच सीआयला वेबहुक पाठवतो की अमुक कमिट बिल्ड कर, आणि सीआय तो कमिट मागायला जातो मिररकडे, तिथे तो अजून उतरलेला नाही. "नॉट अवर रेफ" किंवा तत्सम काहीतरी येतं. लोक मग रीरन दाबायची सवय लावून घेतात आणि हळूहळू खऱ्या फेल्युअरलाही रीरनच दाबतात, टीमसाठी ही सवय फार वाईट. सीआयचा ट्रिगर मेनवरून न घेता मिररचं सिंक संपल्यावर मिररकडूनच द्या. ते जमत नसेल तर फेच स्टेपमध्ये असं लिहा की मिररवर कमिट नसेल तर थोडं थांबून परत बघ, तरी नसेल तर थेट मेनकडून घे. ही शेवटची सोय असावीच, म्हणजे मिरर पूर्ण बंद पडला तरी बिल्ड चालू राहतात, फक्त हळू.

मिरर आहे म्हणजे बॅकअप झालाच की, वेगळा कशाला?

इथे मी थोडा अडून बसतो, कारण हा गैरसमज महागात पडतो. २०१३ च्या मार्चमध्ये केडीईचं काय झालं ते बघा. केडीई म्हणजे लिनक्सवरचा तो मोठा डेस्कटॉप प्रोजेक्ट, त्यांच्या अंदाजे १,५०० गिट रेपो, एक मेन सर्व्हर आणि जगभर बरेच मिरर. सिक्युरिटी अपडेटसाठी सर्व्हर खाली घेतला, परत वर आणला तर फाइल सिस्टिम करप्ट. तरी काय, मिरर आहेत की, असं कोणालाही वाटेल. पण मिरर आपलं काम इमानदारीने करत होते. कुठल्या रेपो अस्तित्वात आहेत याची यादी ते मेन सर्व्हरकडून घ्यायचे, ती यादीच बिघडलेली आली, आणि मिररांना वाटलं रेपो डिलीट झाल्यात, म्हणून त्यांनीही आपल्या प्रती पुसल्या. एका नवीन सर्व्हरवर चांगल्या प्रती शाबूत सापडल्या म्हणून प्रोजेक्ट वाचला. एवढ्या मोठ्या, एवढ्या जाणत्या लोकांच्या प्रोजेक्टचं हे झालं.

त्यांना हेही कळलं की मिरर क्लोन करताना आतला प्रत्येक ऑब्जेक्ट धड आहे की नाही हे गिट प्रत्येक वेळी तपासतं असं आपण जे धरून चालतो ते तसं नाही. म्हणून मिररवर ट्रान्सफरच्या वेळी एफएससीके (ऑब्जेक्ट धड आहेत का याची तपासणी) करायचं सेटिंग चालू ठेवा, आठवड्यातून एकदा पूर्ण एफएससीके रात्री चालवा, आणि बॅकअप वेगळाच घ्या: तारखेनिशी, मागचे काही आठवडे राखलेला, आणि मेन सर्व्हरला ज्याच्यावर काही पुसता येणार नाही असा. रोजची एक बंडल फाइल दुसऱ्या जागी टाकली तरी खूप झालं. आणखी एक, सिंक स्क्रिप्टमध्ये मर्यादा घाला की एका फेरीत अर्ध्यापेक्षा जास्त ब्रँच किंवा रेपो पुसायची वेळ आली तर थांब आणि माणसाला विचार.

एलएफएस आणि सबमॉड्यूलचं काय?

एलएफएसच्या, म्हणजे मोठ्या फाइली वेगळ्या ठेवायच्या सोयीतल्या, फाइली मिररमध्ये येत नाहीत. गिटच्या आत फक्त एक छोटी पॉइंटर फाइल असते, खरी मोठी फाइल एलएफएसच्या वेगळ्या स्टोअरमध्ये. मिरर लावला तरी गेमवाल्यांच्या किंवा मशीन लर्निंगवाल्यांच्या रेपोत काहीच फरक पडत नाही अशी तक्रार येते ती यामुळेच, जड माल अजून समुद्रापलीकडूनच येतोय. एलएफएसचं फेच ऑल वेगळं चालवा, इथे एलएफएस सर्व्हर किंवा कॅश ठेवा, आणि एलएफएसची यूआरएल तिकडे वळवा.

सबमॉड्यूलचे (एका रेपोत जोडलेल्या दुसऱ्या रेपोंचे) पत्ते फाइलमध्ये पूर्ण लिहिलेले असतील तर मेन रेपो मिररवरून येते आणि सबमॉड्यूल अमेरिकेतून. नवीन प्रोजेक्ट असेल तर रिलेटिव्ह पत्ते लिहा. जुना असेल तर वर सांगितलेलं इन्स्टेडऑफ सबमॉड्यूललाही लागू होतं, कुठली फाइल बदलायला नको.

इश्यू, कोड रिव्ह्यू, परवानग्या हे पण मिरर होतं का?

नाही. ते गिटमध्ये नसतंच, ते सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये असतं. हुकसुद्धा (पुश वगैरेच्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) येत नाहीत. विकी बहुतेक ठिकाणी स्वतंत्र गिट रेपो असते, ती वेगळी मिरर करता येते.

तयार प्रॉडक्ट घ्यायचं की आपली स्क्रिप्ट?

तुमचा मेन सर्व्हर ज्याचा आहे त्याचंच आधी बघा. गिटलॅबचं जिओ आहे (पेड आहे, प्रीमियमपासून), त्यात दुसऱ्या साइटवर डेटाबेससकट सगळं रेप्लिकेट होतं, चुकून तिथे पुश केला तर तो मेनकडे पोचवला जातो, आणि रेपो सिंक झालेली नसेल तर वाचायची रिक्वेस्टसुद्धा मेनकडे जाते, म्हणजे वरचा फोर्स्ड अपडेटचा घोळ बऱ्यापैकी टळतो. फ्री व्हर्जनमध्ये पुश मिररिंग मिळतं, पुल मिररिंग नाही. बिटबकेट डेटा सेंटरमध्ये स्मार्ट मिररिंग आहे, रीड ओन्ली, परवानग्या मेनकडूनच तपासतो. गेरिटला रेप्लिकेशन प्लगइन आहे, जुनं आणि भरवशाचं. अँड्रॉइडवर काम करत असाल तर त्याच्या 'रेपो' नावाच्या टूललाच मिरर ऑप्शन आहे, आणि प्रत्येकाच्या मशीनवर रेफरन्स ऑप्शन देऊन लोकल मिररमधले ऑब्जेक्ट वापरता येतात, डिस्क वाचते.

फार अवाढव्य रेपो असेल तर गोष्ट वेगळी. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोजचा कोड गिटवर आणला तेव्हा ती रेपो ३०० जीबीची होती, ३५ लाख फाइली, त्यासाठी त्यांना व्हर्च्युअल फाइल सिस्टिमच लिहावी लागली आणि लांबच्या ऑफिसांसाठी कॅश सर्व्हर ठेवावे लागले. आपल्यापैकी बहुतेकांना त्याची गरज नाही. माझं मत विचाराल तर तीस जणांच्या टीमला स्वतःची स्क्रिप्ट पुरते, पण ती सांभाळणारा एक माणूस नावानिशी ठरलेला हवा.

आमच्याकडे अजून एसव्हीएन आहे.

एसव्हीएन, म्हणजे गिटच्या आधीची सबव्हर्जन सिस्टिम, तिथेही सोय आहे. एसव्हीएनसिंक २००६ पासून आहे, आणि १.५ पासून अपाचेमार्फत असा प्रॉक्सी लावता येतो की चेकआउट-अपडेट लोकल कॉपीवरून आणि कमिट आपोआप मास्टरकडे. इथेही तेच, लिहायची जागा एक. उलट एसव्हीएनमध्ये लॉग आणि जुन्या व्हर्जनशी डिफसुद्धा सर्व्हरला विचारून येतात, त्यामुळे लोकल कॉपीचा फायदा गिटपेक्षा जास्त वाटतो.

मिरर ठेवायचा कुठे, ऑफिसच्या सर्व्हर रूममध्ये की क्लाउडवर?

सगळे ऑफिसात बसत असतील तर ऑफिसात, त्याच्यापेक्षा फास्ट काही नाही. निम्मे घरून असतील तर क्लाउड बरा, कारण घरच्याला ऑफिसच्या मशीनपर्यंत व्हीपीएनने यावं लागतं आणि ऑफिसची लाइन गेली की सगळे अडकतात. अॅमेझॉन आणि गुगल दोघांचे रिजन मुंबईत आहेत, अॅझ्युरचं सेंट्रल इंडिया रिजन तर पुण्यातच आहे. सीआय रनर ज्या रिजनमध्ये त्याच रिजनमध्ये मिरर ठेवा, नाहीतर डेटा ट्रान्सफरचं बिल दर महिन्याला वाढत जाईल.

सिक्युरिटीवाले परवानगी देत नाहीत.

त्यांचं ऐकून घ्या, त्यांचा मुद्दा बरोबर असतो. मिरर म्हणजे पूर्ण कोडची, पूर्ण हिस्ट्रीसकट, आणखी एक प्रत. मेन सर्व्हरवर एखाद्याचा अॅक्सेस काढला पण मिररवर त्याची की तशीच राहिली तर तो माणूस कंपनी सोडून गेल्यावरही कोड वाचू शकतो. म्हणून मिररवर वेगळी युजर लिस्ट ठेवू नका, लॉगिन कंपनीच्या त्याच डिरेक्टरीतून घ्या. काही क्लायंटच्या करारात कोड अमुक देशाबाहेर ठेवायचा नाही असं लिहिलेलं असतं, ते मिरर लावायच्या आधी मॅनेजरकडून लेखी विचारून घ्या. सगळ्या रेपो मिरर करायची गरजही नसते, इथली टीम ज्यावर काम करते तेवढ्याच करा.

कोणीतरी पासवर्ड कमिट केला होता, मेनवरून हिस्ट्री साफ केली. मिररवरून आपोआप जाईल ना?

ब्रँच बदलेल, पण जुने ऑब्जेक्ट मिररच्या डिस्कवर राहतात. गिटचं जीसी (नको असलेला माल साफ करणारी कमांड) अनाथ ऑब्जेक्टना डिफॉल्टने दोन आठवडे हात लावत नाही, आणि पुल रिक्वेस्टचा एखादा रेफ त्या कमिटला धरून बसला असेल तर कधीच लावत नाही. मिररवर हाताने प्रून करा. आणि साफसफाई कितीही केली तरी तो पासवर्ड पहिल्याच मिनिटाला बदला, कारण तो कितीजणांच्या क्लोनमध्ये गेलाय हे सांगता येत नाही.

सुरुवातीला मिरर फास्ट होता, आता हळूहळू स्लो झालाय.

दर काही मिनिटांनी छोटं छोटं फेच होऊन पॅक फाइली साचल्या असतील. गिट मेंटेनन्स चालू करा, आणि रात्री बिटमॅपसकट (कुठल्या कमिटला कुठले ऑब्जेक्ट लागतात त्याची तयार नोंद) पूर्ण रीपॅक करा. बिटमॅप नसेल तर प्रत्येक क्लोनला सर्व्हर सगळे ऑब्जेक्ट मोजत बसतो, "काउंटिंग ऑब्जेक्ट्स" तिथेच रेंगाळतं. बिटमॅप असेल तर ते जवळपास लगेच होतं.

मेन सर्व्हरच बंद पडला किंवा ब्लॉक झाला तर मिररवर काम चालेल का?

वाचायला, बिल्ड करायला हो. आपल्याकडे डिसेंबर २०१४ मध्ये सरकारी आदेशाने ३२ साइट ब्लॉक झाल्या त्यात गिटहब पण होतं, तेव्हा ज्यांच्याकडे लोकल मिरर होता त्यांचं बिल्ड चालू राहिलं असणार, बाकीचे डिपेंडन्सी शोधत बसले. तुमच्या प्रोजेक्टला लागणाऱ्या ओपन सोर्स रेपोंचाही मिरर इथे ठेवणं त्यासाठी शहाणपणाचं.

मिररला तात्पुरता मेन करायचा असेल तर ते ठरवून, सगळ्यांना सांगून करा, आणि जुना मेन परत आला तरी तो आधी रीड ओन्लीच वर आणा. लिनक्स कर्नलचं उदाहरण आहे: ऑगस्ट २०११ मध्ये केर्नल डॉट ऑर्गवर घुसखोरी झाल्याचं उघड झालं, सर्व्हर बंद ठेवावे लागले, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी आपली रेपो तात्पुरती गिटहबवर ठेवली आणि काम चालू राहिलं. कोडमध्ये कोणी काही घुसवलं का या भीतीचं उत्तरही गिटमध्येच होतं, प्रत्येक कमिटचा हॅश त्याच्या आधीच्या सगळ्या हिस्ट्रीवर अवलंबून असतो, आणि हजारो लोकांकडे आधीच्या प्रती होत्या, त्यामुळे जुन्यात बदल केला असता तर तो जुळलाच नसता.

मिरर नीट चालतोय हे कसं कळणार?

बंद पडलेला मिरर एरर देत नाही, तो जुना कोड आनंदाने देत राहतो, हीच त्याची अडचण आहे. १३ ऑगस्ट २०२१ ला गिटहबने पासवर्डने गिट वापरणं बंद केलं, २४ मार्च २०२३ ला त्यांनी आपली आरएसए एसएसएच होस्ट की बदलली, दोन्ही वेळी जुन्या स्क्रिप्ट गुपचूप मेल्या, क्रॉनचा एरर मेल कोणाच्यातरी न बघितल्या जाणाऱ्या मेलबॉक्समध्ये. ब्रँचचं नाव मास्टरवरून मेन झालं तेव्हाही असंच, बेअर मिररचा हेड (डिफॉल्ट ब्रँच कुठली ते सांगणारा रेफ) जुन्याच नावाकडे बघत राहिला आणि नवीन क्लोन रिकामे यायला लागले.

म्हणून स्क्रिप्ट चालली का हे तपासू नका, निकाल तपासा. दर पाच मिनिटांनी मेन आणि मिरर दोन्हीवर एलएस-रिमोट (सर्व्हरवरच्या रेफची यादी दाखवणारी कमांड) मारा, मेन ब्रँचचा हॅश आणि हेड जुळतो का बघा, सलग तीन वेळा नाही जुळला तर टीमच्या चॅट ग्रुपवर मेसेज जाऊ द्या. जुळायला किती सेकंद लागतात तो आकडाही लिहून ठेवत जा आणि त्याचा ग्राफ ज्या पानावर सगळे डेव्हलपर बघतात तिथे लावा. फेच जुनं का आलं असं कोणी विचारलं की उत्तर तिथेच दिसतं, आणि तो आकडा दहा मिनिटांच्या वर गेला तर मिरर ठीक होईपर्यंत फेचसुद्धा थेट मेनकडे वळवायचं, हे आधीच ठरलेलं असू द्या.